गोड आठवणींची उलटतपासणी

लॉस एंजेलिसच्या सेंट्रल ॲव्हेन्यूचा विषय निघाला की तिथले जुने वादक हळवे होतात. बेचाळिसाव्या रस्त्याच्या नाक्यावरचं डनबार हॉटेल, त्याला खेटून असलेला क्लब अलाबाम, दोन पावलांवर डाउनबीट आणि लास्ट वर्ड, पहाटेपर्यंत जागी असणारी जॅक्स बास्केट रूम. आणि या सगळ्यांतून हातात सॅक्सोफोनची पेटी घेऊन हिंडणारा, साडेसहा फूट उंच, देखणा, कसलीही घाई नसलेला डेक्स्टर गॉर्डन. जॅझमधल्या बिबॉप या नव्या शैलीची भाषा टेनर सॅक्सोफोनवर आणणाऱ्या पहिल्या काही वादकांत त्याची गणना होते आणि त्याच्याविषयीच्या आठवणी बहुतेक प्रेमाच्याच आहेत. नेमक्या अशा जागी इतिहास लिहिणारा सावध होतो. म्हातारपणी आपल्या तारुण्यातला रस्ता कोणाला गोड लागत नाही? चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीत किती भर पडली आणि किती गळलं, याचा हिशेब कोण देणार? शंका रास्त आहे, पण तिथेच थांबून आठवणी बाजूला सारणं मला पटत नाही. आठवण गोड आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ती कशाविषयी गोड आहे हे आधी पाहावं लागतं. सेंट्रल ॲव्हेन्यूच्या आठवणी त्या नजरेनं वाचल्या तर झगमगाटाला त्यांत कमीच जागा मिळालेली दिसते. त्या भरल्या आहेत शिक्षकांनी, तालमींनी, युनियनच्या इमारतीनं आणि हातात वाद्य घेऊन कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरांनी. बिबॉप या वस्तीत कसा रुजला याबाबत या आठवणींचा पुरावा तबकड्यांपेक्षा आणि छापील हकिकतींपेक्षा अधिक भक्कम आहे, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा कुठून येतो ते आधी सांगायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेनं या रस्त्यावर वाढलेल्या वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांतून १९९८ साली ‘सेंट्रल ॲव्हेन्यू साउंड्स’ हे जाडजूड पुस्तक निघालं. बडी कोलेट, क्लोरा ब्रायंट, मार्ल यंग, होरेस टॅपस्कॉट अशी मंडळी त्यात बोलतात. डेक्स्टर त्यात बोलत नाही. तो १९९० साली गेला. त्याचं म्हणणं इतरत्र विखुरलेल्या मुलाखतींतून आणि त्याच्या पत्नीनं, मॅक्सीन गॉर्डननं, २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून गोळा करावं लागतं. म्हणजे ही माणसं एका खोलीत बसून एकमेकांच्या गोष्टी दुरुस्त करत नव्हती. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांपुढे ती बोलली. कुठल्या रात्री कोणी कोणाला हरवलं, यावर अशा साक्षीदारांचं एकमत होणं कठीण असतं आणि त्यावर विसंबण्यातही अर्थ नसतो. पण शिक्षक कोण, तो काय शिकवायचा, तालीम कुठे व्हायची, या कोरड्या तपशिलांत कोणाचाच बडेजाव नसतो. तिथे सगळे एकच सांगत असतील तर ते खरं मानायला हरकत नाही.

आणि तिथे सगळे एकच सांगतात. जेफरसन हायस्कूलमध्ये सॅम्युएल ब्राउन नावाचे संगीतशिक्षक होते. ते स्वतः त्याच शाळेत शिकले, पुढे पदवी घेतली आणि १९३६ साली शिकवायला परत आले. लॉस एंजेलिसच्या माध्यमिक शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक त्या काळी जवळपास नव्हतेच, ते त्यांतले अगदी सुरुवातीचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांची नावं नुसती वाचली तरी थक्क व्हायला होतं: डेक्स्टर गॉर्डन, चिको हॅमिल्टन, सनी क्रिस, बिग जे मॅकनीली, आर्ट फार्मर, फ्रँक मॉर्गन, होरेस टॅपस्कॉट. डॉन चेरीची शाळा दुसरीच होती. जेफरसनच्या बँडमध्ये वाजवायला मिळावं म्हणून तो आपल्या शाळेला दांड्या मारायचा आणि त्यापायी त्याला शिक्षाही भोगावी लागली. ब्राउन स्वरलेखन वाचायला शिकवत, पाश्चात्त्य अभिजात संगीताची तयारी करून घेत, आणि शाळेच्या वेळेत, शाळेच्या खोलीत, नाचाच्या बँडचं संगीतही वाजवून घेत. गावात आलेल्या व्यावसायिक वादकांना ते शाळेत बोलावत. जॅझ ही गुत्त्यातली चीज आहे असं सुशिक्षित कृष्णवर्णीय घरांतही ज्या काळी म्हटलं जायचं, त्या काळी एका सरकारी शाळेत ती अभ्यासाचा भाग होती.

दुसरं नाव लॉइड रीस यांचं. हे खासगी शिकवण्या घेत. डेक्स्टर, चार्ल्स मिंगस, बडी कोलेट, एरिक डॉल्फी असे चार वेगवेगळ्या वळणांचे वादक त्यांच्याकडे शिकले. रीस यांची पद्धत जरा थांबून पाहण्यासारखी आहे. वाद्य कोणतंही असो, विद्यार्थ्यानं पियानो शिकलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. आणि स्वरसंघांना ते नावांऐवजी रोमन आकडे देत: पहिला, चौथा, पाचवा. गाण्याची पट्टी बदलली की स्वरसंघांची नावं बदलतात, आकडे मात्र तेच राहतात. मुलाला गाण्याचा सांगाडा आकड्यांत पाठ असला की कुठल्याही पट्टीत ते गाणं त्याला वाजवता येतं, आणि त्या सांगाड्यावर नवी चाल रचायलाही तो मोकळा होतो. बिबॉपमध्ये वादक हेच तर करत होते. लोकांच्या ओळखीच्या गाण्याचे स्वरसंघ घ्यायचे, मूळ चाल फेकून द्यायची आणि त्यावर नवी, वाकडीतिकडी, वेगवान चाल बसवायची. न्यूयॉर्कहून ही रीत आली तेव्हा रीस यांच्या विद्यार्थ्यांना तिचं व्याकरण आधीच येत होतं.

रविवारी रीस मुलांचा एक सराव-बँड चालवत, आणि त्याची तालीम व्हायची ती वादकांच्या युनियनच्या इमारतीत. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांप्रमाणे लॉस एंजेलिसमध्येही वादकांच्या युनियनच्या दोन शाखा होत्या. गोऱ्यांची ४७ क्रमांकाची आणि कृष्णवर्णीयांची ७६७ क्रमांकाची. ही दुसरी शाखा सेंट्रल ॲव्हेन्यूवरच, सतराव्या रस्त्याजवळ, एका जुन्या घरात होती. काम मिळवायला वादक तिथे जात, वर्गणी भरायला जात आणि बहुतेक वेळा काहीच काम नसताना गप्पा मारायला जात. बाहेरगावचा मोठा बँड शहरात आला की त्यातले कृष्णवर्णीय वादक इथे डोकावत. नव्या पोराला नावाजलेल्या वादकाजवळ उभं राहून त्याची बोटं पाहायला मिळत. टॅपस्कॉटची एक आठवण या वस्तीचा स्वभाव एका झटक्यात सांगते. १९४३ साली, तो नऊ वर्षांचा असताना, त्याचं कुटुंब ह्यूस्टनहून लॉस एंजेलिसला आलं. स्टेशनवरून नव्या घरी जाताना आईनं वाटेत गाडी थांबवायला लावली आणि त्याला एका न्हाव्याच्या दुकानात नेलं. हा तुझा संगीतशिक्षक, असं सांगून ओळख करून दिली. घर त्यानं नंतर पाहिलं. केस कापणारा हा माणूस ट्रॉम्बोन वाजवायचा आणि शिकवायचा. अशी आठवण कोणी रचून सांगेल असं मला वाटत नाही. तिच्यात सांगणाऱ्याचा काही पराक्रमच नाही.

डेक्स्टरला या व्यवस्थेतून काय मिळालं ते त्याच्या वयाकडे पाहिलं की उमगतं. त्याचा जन्म २७ फेब्रुवारी १९२३चा. वडील डॉक्टर, शहरातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय डॉक्टरांपैकी एक. ड्यूक एलिंग्टन आणि लायोनल हॅम्प्टन त्यांचे रुग्ण. आईचे वडील स्पॅनिश-अमेरिकन युद्धात सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले सैनिक. तेराव्या वर्षी हातात क्लॅरिनेट, मग आल्टो सॅक्सोफोन, मग टेनर. शाळा बुडवून काउंट बेसीच्या बँडचा दिवसाचा पहिलाच खेळ गाठायचा आणि लेस्टर यंगला ऐकायचं, हा त्याचा तेव्हाचा उद्योग. १९४०च्या डिसेंबरात हॅम्प्टनच्या बँडमधल्या मार्शल रॉयलचा फोन आला की आमच्या बँडमध्ये ये. कोणीतरी मित्र चेष्टा करतोय असंच त्याला वाटलं. सतराव्या वर्षी तो बँडच्या बसमध्ये चढला आणि इलिनॉय जॅकेच्या शेजारी बसून वाजवू लागला. शाळकरी पोराला असं उचलून व्यावसायिक बँडमध्ये बसवता येतं, कारण कागद पुढे ठेवला की तो वाचू शकतो. अंगभूत प्रतिभेवर श्रेय ढकलणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचा विचार करावा. हॅम्प्टनच्या बँडमध्ये जागा रिकामी होती ती वाचता येणाऱ्या टेनरवादकाची.

इथे पहिला आक्षेप येतो. बिबॉप जन्मला न्यूयॉर्कमध्ये, हार्लेममधल्या मिंटन्ससारख्या ठिकाणी. डेक्स्टरनंही तो तिकडेच आत्मसात केला. १९४४ साली काही महिने लुई आर्मस्ट्राँगबरोबर काढून तो बिली एक्स्टाइनच्या बँडमध्ये गेला, आणि तो बँड म्हणजे नव्या संगीताची पाठशाळाच होती. त्याच वर्षाच्या अखेरीस जीन ॲमन्सबरोबर दोन टेनरांची टक्कर त्यानं तिथेच ध्वनिमुद्रित केली. १९४५च्या फेब्रुवारीत डिझी गिलेस्पीच्या ‘ब्लू अँड बूगी’मध्ये तो वाजवताना ऐकू येतो, तेही न्यूयॉर्कमध्येच. पश्चिम किनाऱ्याला बिबॉप मिळाला तो १० डिसेंबर १९४५ रोजी, त्या शैलीचे अग्रणी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांनी हॉलिवूडमधल्या बिली बर्ग्ज क्लबात वाजवायला सुरुवात केली त्या रात्री, असं इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं. मग सेंट्रल ॲव्हेन्यूचे शिक्षक आणि तालमी यांना एवढं महत्त्व कशासाठी?

आक्षेपातला पहिला भाग मान्य करायलाच हवा. नवी बोली न्यूयॉर्कची होती, यात वाद नाही. पण १० डिसेंबरची ती रात्र इतकी मोठी झाली याचं कारण आपल्या साधनांत आहे. १ ऑगस्ट १९४२पासून वादकांच्या युनियननं तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. लहान कंपन्यांशी १९४३पासून तडजोडी होत गेल्या, दोन बड्या कंपन्या १९४४च्या नोव्हेंबरात नमल्या. नेमक्या याच काळात संगीत बदलत होतं. अर्ल हाइन्सच्या १९४३च्या बँडमध्ये गिलेस्पी होता आणि आल्टोवादक पार्कर चक्क टेनर वाजवत होता, त्या बँडची एकही तबकडी नाही. तबकडी नाही म्हणजे घडलंच नाही असं धरून चाललं की पुढे जे काही वर्तमानपत्रांतून आणि पोस्टरांवरून दिसतं तेच आरंभ वाटू लागतं. प्रत्यक्षात पार्कर-गिलेस्पी येण्याच्या कितीतरी आधी, १९४५च्या सुरुवातीलाच, कोलमन हॉकिन्स आपला बँड घेऊन त्याच बिली बर्ग्जमध्ये वाजवून गेला होता. त्या बँडमधला ट्रम्पेटवादक हॉवर्ड मॅगी लॉस एंजेलिसमध्येच राहिला आणि टेडी एडवर्ड्ससारख्या साथीदारांना घेऊन नवं संगीत वाजवू लागला. हॉलिवूडच्या प्रेक्षकांना पार्कर कळला नाही, ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. सेंट्रल ॲव्हेन्यूच्या पोरांना तो कळला आणि ती रोज रात्री तिथे जाऊन बसू लागली, हा त्याच हकिकतीचा दुसरा अर्धा भाग. त्यांना तो का कळला, याचं उत्तर ब्राउन आणि रीस यांच्या वर्गात आहे.

तबकडी आणि आठवण यांतला फरक डेक्स्टरच्याच एका तबकडीवर मोजता येतो. १२ जून १९४७ रोजी हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओत त्यानं आणि वॉर्डेल ग्रेनं ‘द चेस’ वाजवलं. रॉस रसेल नावाच्या गृहस्थाचं हॉलिवूडमध्ये तबकड्यांचं दुकान होतं. त्यानं १९४६ साली काढलेल्या डायल कंपनीसाठी हे ध्वनिमुद्रण झालं. वॉर्डेल मूळचा ओक्लाहोमाचा, डेट्रॉइटला वाढलेला, हाइन्सच्या बँडमधून पश्चिमेला आलेला, अंगानं सडपातळ आणि वाजवण्यात नितळ. डेक्स्टरचा सूर रुंद, जाड, ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा. आधी बत्तीस बारचं एक पूर्ण आवर्तन डेक्स्टरचं, मग तेवढंच वॉर्डेलचं. पुढे तुकडे लहान होत जातात आणि शेवटी चार-चार बारांवर येतात. तबल्या-सतारीच्या सवाल-जवाबात रंगणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे सगळं साधारण पावणेसात मिनिटांचं, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत न मावणारं. म्हणून पहिला भाग एका बाजूला, दुसरा मागच्या बाजूला. पाठलाग ऐन रंगात आला की श्रोत्यानं उठायचं, सुई उचलायची, तबकडी उलटायची. सुरुवातीच्या बिबॉपच्या बहुतेक तबकड्या तीन मिनिटांत आटोपणाऱ्या असताना दोन बाजू देण्याचा जुगार रसेल खेळला, कारण असे पाठलाग त्यानं रस्त्यावरच्या क्लबांत लांबच लांब चाललेले ऐकले होते. तबकडी खपलीही चांगली.

त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, ६ जुलै १९४७ रोजी, सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या एल्क्स सभागृहात मोठी मैफल झाली. डेक्स्टर, वॉर्डेल, मॅगी, आल्टोवर जेफरसनचाच सनी क्रिस, पियानोवर हॅम्प्टन हॉज. राल्फ बासनं ती जागच्या जागी ध्वनिमुद्रित केली. तिथल्या ‘द हंट’ या तुकड्याची लांबी अठरा मिनिटांच्या आसपास आहे. तो विकताना अनेक बाजूंवर तुकडे करून विकावा लागला. श्रोत्यांची आरडाओरड, टाळ्या, वादकांना चेतवणं, सगळं त्यात ऐकू येतं. जॅक केरुॲकनं ‘ऑन द रोड’ या कादंबरीत याच तबकडीचा उल्लेख केला आणि ती जॅझशी फारसा संबंध नसलेल्यांच्याही कानी गेली. माझ्या मते ‘द हंट’चं मोल साहित्यिक उल्लेखात नाही. जुने वादक म्हणत की आम्ही एकेका गाण्यावर अर्धा अर्धा तास वाजवत होतो, श्रोते आमच्यात सामील असत, आणि ऐकणाऱ्याला ती म्हातारपणची फुगवलेली गोष्ट वाटे. एल्क्सची मैफल हा त्या विधानाचा स्वतंत्र पुरावा आहे. जिथे ताडून पाहता येतं तिथे आठवण खरी ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो नैतिक आहे. हा रस्ता एवढा गजबजलेला होता तो कृष्णवर्णीयांना दुसरीकडे राहूच दिलं जात नव्हतं म्हणून. घरांच्या खरेदीखतांतच अट असायची की ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कोणालाही विकता वा भाड्यानं देता येणार नाही. १९४० साली शहरातली कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती. १९४१च्या जूनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेदाला बंदी केली, दक्षिणेतून माणसांचे लोंढे आले आणि १९५० साली आकडा १ लाख ७१ हजारांवर गेला. जागा मात्र तेवढीच. जपानी वंशाच्या नागरिकांना १९४२ साली छावण्यांत डांबल्यावर रिकाम्या झालेल्या लिटल टोकियोत दक्षिणेतून आलेली ही माणसं दाटीवाटीनं शिरली. तिथल्याच फिनाले क्लबात १९४६ साली पार्कर वाजवत होता. डनबार हॉटेलची गोष्टही तशीच. १९२८ साली सॉमरव्हिल या दंतवैद्य दांपत्यानं ते बांधलं, कारण शहरातली चांगली हॉटेलं कृष्णवर्णीय पाहुण्यांना खोली देत नसत. मग या रस्त्याचे गोडवे गाणं म्हणजे कुंपणाचे गोडवे गाणं नव्हे का?

याचं उत्तर त्या वादकांनी स्वतःच्या वागण्यातून दिलं आहे. कुंपण त्यांना इतकं गोड असतं तर ते मोडण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खपण्याचं कारण नव्हतं. चित्रपट आणि नभोवाणीच्या स्टुडिओंतली भरगच्च पगाराची कामं गोऱ्यांच्या ४७ क्रमांकाच्या शाखेच्या हातात होती. बडी कोलेट, मार्ल यंग, बिल डग्लस, ब्रिट वुडमन, त्यांच्या पाठीशी बेनी कार्टरसारखा ज्येष्ठ माणूस, यांनी दोन्ही शाखा एक करण्याची चळवळ उभी केली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांचा मिळून एक सिंफनी वाद्यवृंद त्यांनी तालमीसाठी जमवला, म्हणजे एकत्र वाजवता येतं की नाही हा वादच उरू नये. कोलेट ग्राउचो मार्क्सच्या कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात शिरला. ७६७ क्रमांकाच्या शाखेतल्या काही पदाधिकाऱ्यांचा विरोध होता. आपली इमारत आणि आपली पदं जातील ही त्यांची धास्ती होती आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. १९५३च्या एप्रिलमध्ये विलीनीकरण झालं, पगार आणि संधी वाढल्या, आणि सतराव्या रस्त्याजवळचं ते घर वादकांचं राहिलं नाही. आता आठवणींत त्या घराविषयी जी हुरहुर आहे ती याच माणसांची आहे. मोडायचं होतं ते मोडल्याचा त्यांना पश्चात्ताप नाही. मोडताना सोबत काय गेलं हे मात्र ते विसरत नाहीत. एकाच तोंडून आलेल्या या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. उलट नुसतं कौतुक करणाऱ्यापेक्षा असा साक्षीदार मला अधिक विश्वासाचा वाटतो.

आठवणी जिथे डळमळतात तीही जागा दाखवायला हवी. रस्ता का ओसरला, या प्रश्नावर जो तो आपल्या अनुभवाचं कारण पुढे करतो. कोणी पोलिसांकडे बोट दाखवतो. गोऱ्या-काळ्या जोडप्यांना क्लबांबाहेर अडवून छळण्याच्या हकिकती इतक्या तोंडांतून येतात की त्या नाकारता येत नाहीत, आणि १९५०पासून पोलिसप्रमुख झालेल्या विल्यम पार्करच्या काळात हा जाच वाढल्याचं वादक सांगतात. कोणी विलीनीकरणाकडे बोट दाखवतो. पण १९४८च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं खरेदीखतांतल्या त्या अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, आणि ज्यांच्या गाठीला पैसा होता ती कुटुंबं हळूहळू पश्चिमेकडच्या वस्त्यांत सरकू लागली. क्लबात पैसा खर्च करणारं गिऱ्हाईक हेच होतं. युद्धकाळातली कारखान्यांची जादा कमाईही आटली होती. ही कारणं क्लबातल्या टेबलावरून दिसण्यासारखी नव्हती, म्हणून ती आठवणींत कमी आहेत. कारणमीमांसा वादकांवर सोपवू नये, त्यासाठी जनगणना आणि निकालपत्रं आहेत.

आणि हेरॉइन. याबाबत आठवणींचं मौन बोलकं आहे. डेक्स्टर व्यसनात सापडला आणि १९५०च्या दशकाचा बराच काळ त्यानं कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत काढला. चिनोच्या तुरुंगात चित्रित झालेल्या ‘अनचेन्ड’ या १९५५च्या चित्रपटात तो सॅक्सोफोन वाजवताना दिसतो, आवाज मात्र दुसऱ्याच वादकाचा घातला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉर्डेल ग्रे लास व्हेगासजवळच्या वाळवंटात मान मोडलेल्या अवस्थेत मृत सापडला. मुलां रूज हॉटेलच्या उद्घाटनासाठी बेनी कार्टरच्या बँडबरोबर तो तिथे गेला होता. डेक्स्टरनं आयुष्याच्या उत्तरार्धात आत्मचरित्राची टिपणं काढायला घेतली तेव्हा हे दशक त्यानं सरळ वगळलं. त्याविषयी त्याला बोलायचं नव्हतं. ते दशक मॅक्सीन गॉर्डननं त्याच्या पश्चात कागदपत्रं धुंडाळून भरून काढलं. या मौनामुळे बाकीच्या आठवणी खोट्या ठरत नाहीत, पण त्यांची सीमा कळते. आनंदाच्या गोष्टी त्यानं तपशिलात सांगितल्या, दुःखाच्या जागी कोरं पान ठेवलं, रंगवून खोटं काही लिहिलं नाही. पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे: १९६१पासून ब्लू नोट कंपनीच्या तबकड्या, १९६२पासून चौदा वर्षं युरोपात, मुख्यतः कोपनहेगनमध्ये, १९७६ साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं वाजतगाजत पुनरागमन, आणि १९८६च्या ‘राउंड मिडनाइट’मधल्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन. या यशाच्या उजेडात जुन्या आठवणी आणखी गोड झाल्या असणार, हेही खरंच.

बायकांची आठवण मात्र वेगळी आहे. मेल्बा लिस्टन ही लॉस एंजेलिसमध्येच घडलेली ट्रॉम्बोनवादक. ‘द चेस’च्या आठवडाभर आधी डेक्स्टरनं डायलसाठी तिला बरोबर घेऊन ‘मिस्चिव्हस लेडी’ वाजवलं, आणि ते नाव तिच्यावरूनच ठेवलं. प्रेमाची खूण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण या रस्त्यावर ट्रॉम्बोन घेऊन बिबॉपच्या तबकडीवर पोचलेली बाई शोधायला गेलं तर तिच्याखेरीज नाव सापडणं कठीण. टेक्सासहून १९४५ साली आलेली ट्रम्पेटवादक क्लोरा ब्रायंट या रस्त्याविषयी तितक्याच मायेनं बोलते आणि व्यासपीठावर चढण्यासाठी काय काय करावं लागलं तेही सांगते. तिच्या कथनात दरवाजे जास्त येतात. पुरुषांना ते उघडेच मिळाले होते, म्हणून त्यांच्या आठवणींत ते दिसत नाहीत. ‘सेंट्रल ॲव्हेन्यू साउंड्स’च्या संपादकांत क्लोरा होती, ही त्या पुस्तकाची जमेची बाजू.

या सगळ्यात सर्वांत कठोर कसोटी लावायची ती अशी: आठवणींतली ती व्यवस्था खरीच एवढी कामाची होती, तर क्लब बंद पडल्यावरही तिनं काहीतरी करून दाखवायला हवं. न्हाव्याच्या दुकानात नेलेला तो मुलगा इथे पुन्हा लागतो. टॅपस्कॉट जेफरसनमध्ये ब्राउनकडे शिकला, मोठा होऊन हॅम्प्टनच्या बँडमध्ये गेला आणि १९६१ साली फिरतीला कंटाळून लॉस एंजेलिसला बसमधून उतरून घरी आला. त्याच वर्षी त्यानं दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये वादकांची एक संघटना उभी केली आणि तिच्यातून पॅन ॲफ्रिकन पीपल्स आर्केस्ट्रा हा वाद्यवृंद चालवला. चर्च, शाळा, बागा, जागा मिळेल तिथे ते फुकट वाजवत आणि आसपासच्या पोरांना शिकवत. तोवर क्लब अलाबाम बंद पडला होता आणि वस्तीतल्या पैसेवाल्या घरांनी पश्चिमेची वाट धरली होती. आर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना पगार जवळजवळ नव्हताच. तरी तो १९९९ साली टॅपस्कॉट वारला तेव्हाही चालू होता, आणि त्याच्यामागेही चालला.